छप्परत्यागाची मीमांसा

मराठीत ‘डोक्यावरचे छप्पर जाणे’ हा वाक्प्रचार आपत्तीसाठी वापरला जातो. पूर, वादळ, सावकार किंवा बिल्डर यांपैकी कोणीतरी त्यास कारणीभूत असतो आणि ज्याचे छप्पर गेले त्याच्याविषयी शेजारपाजारी चार दिवस हळहळतात. ब्रिटनमध्ये मात्र गृहस्थांचा असा एक वर्ग आढळतो, जो हे छप्पर जावे म्हणून स्वखुशीने पैसे मोजतो, त्यापायी मागची तीन आसने, सामानाची जागा आणि घरातील शांतता यांवर पाणी सोडतो, आणि पुढे उरलेल्या दोन आसनांवर खरोखरचे पाणी पडू लागले तरी आपण अत्यंत सुखी असल्याचे सांगत राहतो. हा वर्ग बहुधा एका ठरावीक प्रकारच्या गाडीतून दुसऱ्या ठरावीक प्रकारच्या गाडीत गेलेला असतो: ‘हॉट हॅच’मधून लहान, उघड्या, दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये. या स्थित्यंतरास येथे ‘छप्परत्याग’ आणि ते करणाऱ्यास ‘छप्परत्यागी’ म्हटले आहे. या संज्ञा शास्त्रीय वाटाव्यात एवढ्याचसाठी योजल्या आहेत, हे आधीच कबूल केलेले बरे.

हॅच म्हणजे गाडीचे मागचे, काचेसकट वर उचलले जाणारे दार, आणि असे दार असलेल्या साध्या, घरगुती गाडीत कंपनीने तिच्या वयाला न शोभणारे इंजिन बसवले की तिची हॉट हॅच होते. फोक्सवॅगन कंपनीने 1975 मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडलेली आणि पुढच्या वर्षी विक्रीस आणलेली गोल्फ जीटीआय ही या कुळाची आद्य माता नसली, तरी कुलदैवत निश्चित आहे. 110 अश्वशक्तीच्या या गाडीच्या पाच हजार प्रती खपल्या तरी पुरे, असा कंपनीचा अंदाज होता. प्रत्यक्षात तिच्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गाड्या खपल्या, यावरून मोटार कंपन्यांना लोखंडाचे जेवढे ज्ञान असते तेवढे पुरुषांचे नसते असे दिसते. तिच्या आसनांना चौकड्यांचे स्कॉटिश कापड आणि गिअरच्या दांड्याला गोल्फच्या चेंडूसारखी मूठ देण्याची कल्पना गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या महिला डिझायनरची होती. परंतु या गाडीचा खरा गुण तिच्या कापडात नव्हता आणि चेंडूतही नव्हता, तर तिच्या सभ्य दिसण्यात होता. गाडी पाहायला गेल्यावर पत्नीला मागचे दार उघडून दाखवायचे आणि आपण पुढचे इंजिन पाहायचे, ही सोय त्यापूर्वीच्या वेगवान गाड्यांनी विवाहित पुरुषास क्वचितच दिली होती.

या सभ्यपणाला दृष्ट लागली ती 1980 च्या दशकाच्या शेवटी. तोवर 1984 ची प्यूजो 205 जीटीआयही ब्रिटनमध्ये लाडकी झाली होती. भर वळणात घाबरून चालकाने अॅक्सिलरेटरवरचा पाय झटक्याने उचलला, की तिचा मागचा भाग पुढच्या भागाच्या आधी वळण पूर्ण करू पाहत असे, आणि या खोडीमुळे अनेक सद्गृहस्थांना कुंपणापलीकडील गाई जवळून पाहण्याची संधी मिळाली. मात्र गाई पाहणाऱ्यांपेक्षा गाड्या पळवणाऱ्यांची संख्या वाढली. रात्री हॉट हॅच पळवायची, रिकाम्या रस्त्यांवर मनसोक्त उधळायची आणि पहाटे कुठेतरी टाकून द्यायची, असा छंद तरुण मुलांत पसरला. विम्याचे हप्ते कडाडले आणि अखेर 1992 मध्ये ब्रिटिश संसदेला या उद्योगासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. सकाळी दार उघडल्यावर आपली गाडी दारात आहे की नाही हे पाहणे हा अनेकांचा नित्यनेम झाला होता. अशा वेळी, 1990 मध्ये, माझ्दा कंपनीची एमएक्स-5 ही छोटी उघडी गाडी ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरली आणि छप्परत्यागाच्या संप्रदायाला आपले दैवत मिळाले.

या दैवताची उत्पत्तीही पुराणाला शोभेल अशीच आहे. दोन आसनांच्या, हलक्या, कापडी छपराच्या गाड्या बनवणे हा मूळचा ब्रिटिशांचा उद्योग; लोटस एलान आणि एमजी बी या 1962 च्या दोन गाड्या त्याच्या परमोच्च खुणा मानल्या जातात. या गाड्या अतिशय देखण्या होत्या आणि सुरूही होत असत. मात्र या दोन गोष्टी एकाच सकाळी घडतील याची हमी नसे. 1980 मध्ये एमजी बीचे उत्पादन थांबले आणि तसल्या गाड्या जवळजवळ नामशेष झाल्या. त्याच सुमारास बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझ्दाचे यामामोतो केनिची यांना सुचवले होते, की जुन्या ब्रिटिश पद्धतीची तशी गाडी आता कोणीच बनवत नाही, तर तुम्हीच का बनवत नाही? जपान्यांनी ती सूचना गंभीरपणे घेतली, दहाएक वर्षे खपून 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती गाडी मांडली, आणि 2016 पर्यंत तिच्या दहा लाख प्रती तयार केल्या. ब्रिटिश गाडीतील बहुतेक सर्व गुण तिच्यात उतरवताना तेल गळण्याचा गुण मात्र जपान्यांकडून निसटला, याची खंत जुन्या मंडळींना अजूनही वाटते.

घोडा आणि स्वार एकरूप होणे या अर्थाचे ‘जिनबा इत्ताई’ हे जपानी सूत्र कंपनीने या गाडीसाठी स्वीकारले. छप्परत्याग्याच्या तोंडी हे सूत्र पहिल्या आठवड्यात दिवसातून सुमारे अकरा वेळा येते. त्याला ते वापरावे लागते, कारण त्याच्याजवळ दुसरे काही उरलेले नसते. 2013 च्या गोल्फ जीटीआयमध्ये 220 अश्वशक्ती होती, 2015 च्या लहान इंजिनाच्या एमएक्स-5 मध्ये 131; गोल्फ स्थिर अवस्थेतून ताशी शंभर किलोमीटरचा वेग साडेसहा सेकंदांत गाठत असे, एमएक्स-5 ला त्यासाठी सव्वाआठ सेकंदांहून थोडे अधिक लागतात; गोल्फच्या मागच्या कप्प्यात 380 लिटर सामान मावत असे आणि आसने पाडली तर 1270, तर एमएक्स-5 च्या कप्प्यात 130 लिटर मावते आणि पाडण्यासाठी आसने नाहीत. जादा चाक नाही, त्याऐवजी पंक्चरच्या प्रसंगी टायरमध्ये भरायचे एक रसायन मिळते. डाव्या आसनासमोर वस्तू ठेवण्यासाठी सर्व गाड्यांत असतो तो खणही नाही. तो दोन आसनांच्या मध्ये, पाठीमागे अशा ठिकाणी आहे, की त्यातील वस्तू काढण्यासाठी माणसाचा खांदा उलट्या बाजूस वळणारा असावा लागतो. तात्पर्य, मनुष्य पैसे मोजून सर्व बाबतींत कमी झालेला असतो, आणि हे कमी होणे म्हणजेच वाढणे आहे असे त्याला लोकांना पटवावे लागते.

“म्हणजे आधीच्यापेक्षा हळू पळते?” असे सहकारी विचारतो.

“हळू नाही. तिचा वेग जास्त जाणवतो,” असे छप्परत्यागी सांगतो.

“मग आधीच्या गाडीच्या काचा खाली केल्या असत्या तरी जाणवला असता.”

या प्रश्नोत्तरानंतर छप्परत्यागी मागच्या चाकांकडे वळतो. हॉट हॅचमध्ये गाडी ओढणे आणि वळवणे ही दोन्ही कामे पुढच्याच चाकांकडे असतात, त्यामुळे जोरात निघताना स्टीअरिंग हातातून निसटू पाहते. या विकारास ‘टॉर्क स्टीअर’ म्हणतात. एमएक्स-5 मध्ये मागची चाके ढकलतात, पुढची फक्त वळतात, आणि गाडीचे वजन जेमतेम हजार किलो असून ते पुढे व मागे जवळपास निम्मे निम्मे वाटलेले असते. हे सर्व खरे आहे, आणि वळणावळणाच्या निर्जन रस्त्यावर त्याचा आनंदही अवर्णनीय आहे. छप्परत्याग्याचा रोजचा रस्ता मात्र सरळ असतो आणि त्यावर त्याच्या पुढे एक बस असते.

या गाड्या केव्हा विकत घेतल्या जातात याचाही विचार करणे आवश्यक आहे. शहाण्याने उघडी गाडी डिसेंबरात घ्यावी, कारण तेव्हा ती कोणालाच नको असते आणि विक्रेता नरम असतो, हे प्रत्येक छप्परत्याग्यास ठाऊक असते. तरीही तो ती एप्रिलमधील पहिल्या उबदार शनिवारी, त्याच हेतूने आलेल्या इतर सात जणांच्या रांगेत उभे राहून, चढ्या दराने घेतो. त्या शनिवारी आकाश निळे असते. रविवारपासून ब्रिटन पूर्वपदावर येते.

ब्रिटनच्या पावसाविषयी मराठी वाचकांत एक गैरसमज आहे. लंडनमध्ये वर्षभरात साधारण 600 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्यापेक्षाही कमी. फरक वसुलीच्या पद्धतीत आहे. पुण्याचा पाऊस आपली थकबाकी चार महिन्यांत एकरकमी चुकवून मोकळा होतो, तर लंडनचा पाऊस बारा महिने सुलभ हप्त्यांनी फेडत राहतो, आणि पुढचा हप्ता कोणत्या क्षणी येईल हे तो कळवत नाही. त्यामुळे छप्पर कधी उघडावे हा प्रश्न तेथे हवामानशास्त्राचा न राहता स्वाभिमानाचा होतो. छप्पर बंद करून जाणारा छप्परत्यागी आपला पराभव गल्लीभर मिरवत जात असतो. म्हणून जानेवारीतही तो लोकरीची टोपी, मफलर आणि हातमोजे घालून, पायांवर हीटरचा झोत आणि आसनाखाली विजेची ऊब घेत, कमरेच्या खाली महाबळेश्वरचा उन्हाळा आणि वर लडाखचा हिवाळा अशा दुहेरी ऋतूत प्रवास करतो. कोणी थांबवून “थंडी वाजत नाही का?” असे विचारल्यास “अजिबात नाही” हे उत्तर तो देतो, ओठ बधिर झाल्यामुळे ते नीट उमटत नाही.

याच ठिकाणी वायुगतिशास्त्राचा एक नियम सांगावा लागतो. उघडी गाडी पुरेशा वेगात असेल, तर समोरच्या काचेवरून उसळणारा हवेचा प्रवाह पावसाला चालकाच्या डोक्यावरून मागे नेतो आणि आत बसलेला माणूस जवळजवळ कोरडा राहतो. त्यासाठी ताशी 40-45 मैल तरी वेग लागतो असा या मंडळींचा अनुभव आहे. ब्रिटनमधील गावांत मर्यादा सामान्यतः 30 मैलांची, आणि वेल्समध्ये सप्टेंबर 2023 पासून ती बहुतांश वस्तीत 20 मैलांवर आणलेली आहे. यावरून असे निष्पन्न होते, की वेल्सच्या गावात पाऊस लागलेल्या छप्परत्याग्यापुढे भिजणे किंवा गुन्हा करणे हे दोनच मार्ग उरतात. तिसरा मार्ग छप्पर ओढून घेण्याचा आहे, आणि तो बसल्या जागेवरून एका हाताने काही सेकंदांत करता येतो, पण सिग्नलपाशी शेजारी बसची रांग उभी असताना, वरच्या मजल्यावरची शाळकरी मुले काचेला नाक लावून पाहत असताना, तो हात उचलण्यास सिंहाचे काळीज लागते. बहुतेक जण समोर पाहत भिजतात.

आत शिरणे व बाहेर येणे या दोन विधींबद्दल थोडक्यात सांगितले तरी पुरे. ही गाडी जमिनीला इतकी लगटून असते, की तीत बसणे ही क्रिया बसण्यापेक्षा पडण्याला अधिक जवळची आहे. बाहेर येताना प्रथम एक पाय, मग एक हात, मग एक हुंकार आणि शेवटी शरीर, असा क्रम असतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे मराठी म्हण सांगते, परंतु येथे अंथरुणाची लांबी कंपनीने हिरोशिमात ठरवलेली असते आणि पाय त्याआधीच वाढून बसलेले असतात. चौथ्या, म्हणजे 2015 च्या, पिढीच्या पहिल्या काही वर्षांतील गाड्यांत तर स्टीअरिंग वर-खाली होत असे, पुढे-मागे होत नसे. उंच चालकाने स्वतःच पुढे-मागे व्हावे अशी अपेक्षा असावी.

ब्रिटनमधील मराठी कुटुंबात छप्परत्याग घडल्यास त्याला एक अधिक परिमाण लाभते, कारण दर उन्हाळ्यात पुण्याहून किंवा डोंबिवलीहून आई-वडील येतात आणि अभ्यागत व्हिसाच्या सहा महिन्यांपैकी जमतील तेवढे राहतात. दोन आसनांच्या गाडीतून हीथ्रो विमानतळावरून दोन माणसे आणायची, तर चालकाला जागा उरत नाही, हा साधा गणिती निष्कर्ष अनेक संगणक अभियंत्यांना विमान उतरण्याच्या आदल्या रात्री सुचलेला आहे. मग टॅक्सी करावी लागते आणि खुलासा घरी पोहोचल्यावर होतो.

“अरे, मागच्या गाडीला मागची सीट होती ना? तिचं काय केलंस?” आई विचारते.

“ती गाडीच विकली गं.”

“मग नुसती सीट विकायची आणि गाडी ठेवायची.”

वडील तोवर गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून, कापडी छपरावर दोन बोटांनी टिचकी मारून परत आलेले असतात. “रिक्षाच आहे,” ते निर्णय देतात. “फक्त आपल्या रिक्षात मागे तिघं बसतात.” यावर मुलगा घोडा आणि स्वार यांचे जपानी सूत्र सांगू लागतो, तेव्हा सूनबाई स्वयंपाकघरातून एवढेच कळवते, की स्वाराने येताना वीस किलो तांदळाची गोणी आणायची आहे आणि घोड्याला ती झेपते का ते बघावे. ती झेपते. मात्र गोणी डाव्या आसनावर बसते, आणि वजनामुळे गाडीला ती व्यक्ती वाटून पट्टा लावण्याची सूचना अखंड वाजू लागते. तेव्हा गोणीला पट्टा बांधून, छप्पर उघडे ठेवून, बासमतीसह फिरणारा मराठी गृहस्थ हे दृश्य त्या उपनगरास काही काळाने अंगवळणी पडते.

वडिलांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, आणि मायदेशात असे धाडस कोणी केलेच नाही असेही नाही. 1990 च्या दशकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ नावाची फायबरग्लासची, छप्पर काढता येणारी दोन आसनी गाडी चक्क गोव्यात तयार होत असे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात छप्पर काढायची सोय देणाऱ्यांच्या आशावादापुढे लंडनच्या छप्परत्याग्याने नतमस्तक व्हावे.

ब्रिटिश समाज या मंडळींकडे कसा पाहतो, तेही नोंदवले पाहिजे. एमएक्स-5 ला तेथे ‘हेअरड्रेसरची गाडी’ म्हणून चिडवण्याची जुनी रीत आहे. वस्तुतः उघड्या गाडीत अर्धा तास बसल्यावर केसांची जी दशा होते, ती पाहता हेअरड्रेसर हा मनुष्य अशा गाडीत पाऊल ठेवणार नाही. फार तर तिच्या मालकांवर त्याचा धंदा चालेल. परंतु टोमणा खोटा असला म्हणून तो बोचत नाही असे नाही, आणि त्यावर उपाय म्हणून छप्परत्यागी समोरून येणाऱ्या दुसऱ्या एमएक्स-5 ला हात करण्याची सवय लावून घेतो. दोन भिजलेले अनोळखी गृहस्थ एकमेकांना हात करतात, तेव्हा त्यात अभिवादन किती आणि सांत्वन किती, हे ठरवणे कठीण आहे.

जुनी गाडी घेणाऱ्याची परीक्षा याहून कठोर असते. पहिल्या पिढीच्या गाडीत छपरावरचे पाणी आसनांच्या मागील बाजूस असलेल्या दोन छिद्रांतून खाली वाहून जावे अशी योजना आहे. ती छिद्रे पाचोळ्याने तुंबली की पाणी दाराखालच्या पोकळ पट्ट्यांत साचते आणि तेथील लोखंड आतल्या आत कुजते. त्यामुळे छप्पर बंद करून गाडी उभी करणाऱ्यासही पावसापासून सुटका नसते. शिवाय तिची मागची खिडकी प्लास्टिकची असून, छप्पर पाडण्यापूर्वी ती चेन ओढून सोडवावी लागते, अन्यथा तिला घडी पडते. “पँटची चेन आणि खिडकीची चेन, दोन्ही घराबाहेर पडताना तपासायच्या,” असा उपदेश एका अनुभवी मालकाने नवख्यास केल्याचे ऐकिवात आहे.

छप्परत्याग्याची सर्वांत मोठी चूक मात्र गाडीच्या निवडीत नसते, तर जुनी हॉट हॅच कोणाला विकली यात असते. विक्रेता कमी भाव देतो, म्हणून तो ती शेजाऱ्याला विकतो. परिणामी रोज सकाळी ओले आसन पुसत असताना त्याला आपली पूर्वीची गाडी पलीकडच्या दारात, चारी बाजूंनी कोरडी, उभी दिसते. पहिल्या महिन्यात तो तिच्याकडे पाहत नाही. दुसऱ्या महिन्यात घरात एक सुटे, जोडायचे कपाट विकत आणण्याचे ठरते.

“शनिवारी गाडी मिळेल का? दोनच तासांसाठी,” तो कुंपणावरून विचारतो.

“अवश्य. मागचं दार जरा जोरात ओढावं लागतं, हे तुम्हाला माहीतच आहे,” शेजारी म्हणतो.

दुसऱ्याची गाडी चालवायची म्हणजे एका दिवसाचा वेगळा विमा काढावा लागतो. स्वतः चार वर्षे चालवलेल्या गाडीत बसण्यासाठी पैसे भरण्याचा हा प्रसंग मग दर शनिवारी येऊ लागतो, कारण कपाटानंतर गादी येते, गादीनंतर जुनी गादी टाकायला जावे लागते, आणि त्यानंतर बागेतील झुडपे छाटली जातात. शेजारी सज्जन असतो, तो भाडे मागत नाही. त्याची एकच छोटी विनंती असते, आणि तीही संकोचाने केलेली: तुम्हाला शनिवारी माझी गाडी लागतेच, तर त्या दिवशी तुमची आम्हाला चालेल का? अर्थात हवा चांगली असेल तरच.

अशा रीतीने ऑगस्टमधील एका निरभ्र शनिवारी, जेव्हा लंडनमध्ये पारा तिशीकडे झुकलेला असतो आणि आकाशात औषधालाही ढग नसतो, तेव्हा शेजारी आणि त्याची पत्नी छप्पर उघडून, काळे चश्मे लावून, समुद्राच्या दिशेने निघून जातात. आणि छप्परत्यागी आपल्या जुन्या गोल्फमध्ये, मागची आसने पाडून, 1270 लिटर फांद्या, पालापाचोळा आणि एक मोडका पंखा घेऊन नगरपालिकेच्या कचरा केंद्रासमोरच्या रांगेत उभा असतो. गोल्फच्या चारही काचा त्याने पूर्ण खाली केलेल्या असतात आणि एक कोपर बाहेर काढलेले असते. त्याला क्षणभर वाटते, आता एखादी सर यावी. मग भिजणारी आसने कोणाची आहेत हे त्याच्या लक्षात येते, आणि तो रांगेत एक गाडी पुढे सरकतो.